टाळं आणि कुलूप

उस्मान,

तुझ्या शोकसभेला मी गेलो आणि अर्ध्यातून उठून आलो. लोकांना वाटलं, म्हातारा रडवेला झाला. रडवेला कसला! मला ओकारी येत होती.

सभा आपल्या युनियनच्या हॉलमध्ये नव्हती. हमरस्त्यावरच्या हॉटेलात होती, वरच्या मजल्यावर, थंडगार खोलीत. दारात फ्लेक्स लावलेला. फ्लेक्सवर तू, आधारकार्डावर असतोस तसा, कुणीतरी दम दिल्यासारखा. तुझ्या खाली हात जोडून अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, आणि सगळ्यात खाली एक ओळ : शुभेच्छुक. शुभेच्छुक, उस्मान! मेलेल्या माणसाला कसल्या शुभेच्छा देतात हे? छापणाऱ्यानं वाढदिवसाचाच नमुना उचलला असणार. मी बोट ठेवून दाखवलं तर एक पोरगा म्हणाला, "जाऊ द्या ना काका, वाचतंय कोण?"

मी वाचतो. चौथी शिकलोय, पण जेवढं शिकलोय तेवढं वाचतो. तुझ्या नावाच्या मागं 'कै.' लिहिलं होतं. अध्यक्षांनी भाषणात तेच ताणून म्हटलं, कैलासवासी उस्मानभाई. तुला थेट कैलासात पाठवला. तुला तर सासुरवाडीला जायचं म्हटलं तरी कंटाळा यायचा.

मग दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. अर्धं मिनिट झालं नसेल, तर एकाच्या खिशात हळदीचं गाणं वाजायला लागलं. त्यानं काढला फोन आणि तोंडावर हात धरून म्हणतो, "हां बोल, मीटिंगमधी हाय." ते संपेपर्यंत मागं वेटर बटाटेवड्याच्या बश्या मांडत होते. कढईचा वास आला आणि सगळ्यांचं दुःख तिकडं वळलं.

हे अध्यक्ष कोण ते तुला सांगायला नको. पण हे दुसरं कुणी वाचलं तर त्यालाही कळावं म्हणून लिहितो. आपल्याबरोबर कंपनीच्या गेटावर बसलेल्या माणसाचा हा पोरगा. बापानं ज्या गेटावर घोषणा दिल्या त्याच गेटातून हा ठेक्यावर माणसं पुरवतो. ठेकेदार तोच आणि कामगारांच्या युनियनचा अध्यक्षही तोच. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, इथं कुंपणानं शेत खाऊन वर ढेकर दिलाय.

मी उभा राहिलो आणि विचारलं, "सभा आपल्या हॉलमध्ये का नाय घेतली?"

अध्यक्ष गोड हसले. "धर्माकाका, हॉलला टाळं हाय. किल्ली सापडत नाय. उद्या सकाळी कटरवाला बोलावलाय."

टाळं. आपल्या हॉलला. मी पुढचं काय ऐकलं नाय. काठी घेतली आणि जिना उतरलो.

कंपनीनं टाळेबंदी केली तो दिवस तुला आठवत असेल. पहिल्या पाळीला गाडीनं निघालेलो, मी पेणेहून, तू निडीला चढलेला. रोह्याला उतरून चालत गेटावर आलो तर गेटाला साखळी आणि साखळीला मुठीएवढं टाळं. बाजूला एक कागद चिकटवलेला. कागद वाचायला कुणी थांबलं नाय, टाळं मात्र सगळ्यांनी वाचलं. आत कपाटात माझा साबण होता आणि तुझी छत्री. तू पहारेकऱ्याला म्हणालास, "बाबा, नोकरी ठेव तुझ्या शेठकडं, माझी छत्री तेवढी आणून दे." सगळे हसले. पहारेकरी पण हसला आणि मग तोंड फिरवून उभा राहिला, कारण तो पण आपल्यातलाच होता.

आपल्याला तेव्हा बसायला जागा नव्हती. देवळाच्या ओसरीवर बसलो तर काहींनी तुझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं. मशिदीच्या आवारात बसलो तर काहींनी माझ्याकडं बघून. चहावाला म्हणाला, बसा, पण चहा घेत राहा. टाळेबंदीत चहा घेत राहायला आपण काय पाव्हणे होतो? शेवटी तुझे मामू म्हणाले, "नदीच्या अंगाची माझी पडीक जागा घ्या. चार भिंती घाला आणि काय भांडायचं ते आत भांडा. माझ्या दारात नको." अशी ती जागा मिळाली. वैतागून दिलेली, पण कायमची दिलेली.

टाळेबंदी उठल्यावर सुट्ट्या-सुट्ट्यांना आपण तो हॉल बांधला. चिरा आपण वाहिला, कौलं आपण चढवली. माझ्या गावच्या मिठागरातल्या बाया टोपल्या घेऊन आल्या. मीठ वाहून त्यांच्या माना घट्ट झालेल्या, त्यांना माती म्हणजे काहीच नाय. आपण रंगाच्या कंपनीतले, कुणाचे हात निळे, कुणाचे लाल, कितीही घासले तरी न सुटणारे. भिंतीला पांढरा चुना दिला आणि ओल्या चुन्यावर सगळ्यांचे हात उठले. मी पुसायला गेलो तर तू म्हणालास, "राहू दे. ज्यांना सह्या येत नायत त्यांच्या सह्या झाल्या."

आता त्या भिंतीवर गुलाबी प्लॅस्टिक पेंट हाय. अध्यक्षांच्या बायकोला गुलाबी आवडतो म्हणे.

दार बसवायला विठू सुतार आला. सुताराचा हात सवयीचा. दार म्हटलं की त्यानं बाहेरून कोयंडा ठोकलाच. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, "आवो, दाराला कोयंडा नाय म्हंजे बैलाला वेसण नाय." मी म्हटलं, "आतून कडी ठेव, वाऱ्यानं आपटायला नको. बाहेरून कायपन नको. टाळ्यानं आम्हाला रस्त्यावर काढलं. ते टाळं आम्ही आपल्या दाराला लावू?" त्यानं पुटपुटत चारही स्क्रू काढले. चौकटीला चार भोकं राहिली. तू त्यात करंगळी घालून बघितलीस आणि म्हणालास, "धर्मा, ही बुजव तरी, वाळवी जाईल."

"राहू दे," मी म्हटलं. "दिसली पाहिजेत."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तू मेलास तरी संपलेलं नाय.

तुझं गावच कुलपांचं. अर्धी घरं बंद. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचं अख्खं बिऱ्हाड कुवेतला. सगळ्यांच्या किल्ल्या तुझ्याकडं, कमरेला हा जुडगा. चालायला लागलास की बैल येतोय असं वाटायचं. शुक्रवारची नमाज झाली की तू एकेक घर उघडायचास, खिडक्या लोटायचास, वाळवी बघायचास, पुन्हा बंद करायचास. तेल लावून, किल्लीच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनं बांधून. पावसापाण्याचा, खाडीच्या खाऱ्या वाऱ्याचा बंदोबस्त. शेतात बाया लावणीला इरलं घेतात ना डोक्यावर, तसं तू म्हणायचास, हे कुलपाचं इरलं.

आणि मला सांगायचास, "टाळं म्हणू नको. टाळं शेठ लावतो. घरवाला लावतो त्याला कुलूप म्हणतात."

"लोखंड तेच."

"लोखंड तेच रे, हात वेगळा. शेठचं टाळं सांगतं, तुम्ही जा. घरवाल्याचं कुलूप सांगतं, मी येतो."

"आणि नाय आला तर?"

"तर मी हाय ना. मी खिडक्या उघडतो."

असं तू बोलायचास आणि मला राग यायचा. मग मी मोठ्यानं बोलायचो. आवाज मोठा असला की मुद्दा मोठा वाटतो, हे मी पुढाऱ्यांकडून शिकलो.

हॉलचा पंखा चोरीला गेला तेव्हा तू एक आठवडा माझ्यासमोर वर्तमानपत्रानं वारा घेत बसलास. मी म्हटलं, "चोर पण कामगारच असंल. त्याला गरज असंल." तू म्हणालास, "व्हय, आणि आता त्याच्याकडं युनियनचा पंखा हाय, आपल्याकडं युनियनचा घाम." मग कुंडलिकेचं पाणी चढलं त्या साली नदीकाठची बिऱ्हाडं पहाटेच आपल्या हॉलमध्ये शिरली. कुणाला विचारायला लागलं नाय, कुणाकडं किल्ली मागायला लागली नाय. आपण गाडी बंद म्हणून दुपारी कसेबसे पोचलो तर आत चुली पेटलेल्या, पोरं झोपलेली, एक म्हातारी आपल्या टेबलावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. मी तुझ्याकडं बघितलं. तू कपाळाला हात लावलास. "आज तू जिंकलास," म्हणालास. आणि लगेच, "पण पंखा असता तर कपडे वाळले असते."

तुझ्यासारखा चिवट माणूस मी बघितला नाय. माझ्याशी भांडायला दुसऱ्या कुणाला एवढा दम नव्हता. बायको दोन वाक्यांत उठून जायची.

आता हॉलचं काय झालं ते बघ. कायमचे कामगार एकेक करून निवृत्त झाले, त्यांच्या जागी ठेक्याची माणसं. ठेक्याचा माणूस युनियनच्या हॉलकडं वाकडी मान करून पण बघत नाय. बघितलं तर उद्या कामावर नाव नसतं. रिकाम्या हॉलला मग गिऱ्हाइकं मिळाली. आधी नवरात्राचा सराव, मग कुणाचा साखरपुडा, मग पार्ट्या. अध्यक्ष मला एकदा म्हणाले, "काका, चळवळ आता बदललीय. तिथं आपण लग्नाचा हॉल करू, एसी बसवू, वर पोटमाळ्यावर युनियनची पाटी ठेवू." पोटमाळ्यावर. जुनी सुपं आणि फुटके हंडे ठेवतात तिथं.

हे मी तुला फोनवरच सांगितलं. माझा गुडघा गेलेला, रोह्याला येणं तुटलेलं. मी पेणेत गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला बसतो, बसून होणारं काम. पेणेत कारखाना म्हटला की गणपतीचा. मी तुला म्हणायचो, इथला शेठ बरा, दहा दिवसांत स्वतःच पाण्यात जातो. तू खोकेपर्यंत हसायचास. मग नुसता खोकायला लागलास.

शेवटच्या फोनला तू म्हणालास, "धर्मा, एक गोष्ट केलीय. सांगू? पण तू चिडशील."

"चिडणार असंन तर नको सांगू. समोर आलास की सांग. फोनवर चिडून काय मजा नाय."

"बरं," म्हणालास. "समोर."

समोर कुठला! तुमच्यात घाई असते. मला निरोप मिळाला तोवर तुला माती दिली होती.

तर हॉटेलातून निघालो तो रिक्षा करून हॉलवर. रिक्षात बसून मी अध्यक्षाच्या सात पिढ्या काढल्या. मनात म्हटलं, बापाच्या गेटाला शेठनं टाळं लावलं, पोरानं बापाच्या हॉलला लावलं. वर्तुळ पुरं झालं. दाराशी आलो. खरंच टाळं होतं. पितळेचं, जुनं, जाड. त्याच्यावर थुंकायला म्हणून पुढं वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

किल्लीच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. वरून तारेनं बांधलेला.

मी तो बोटानं उचलला. खाली तेल. खोबरेल, वास पण आला. मग कोयंडा बघितला. नवा कोयंडा, पण स्क्रू जुन्याच चार भोकांत. चौकटीवरच्या गुलाबी रंगाखाली ती भोकं कुठं हायत हे विठू सुतारानंतर जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक तिथं काठी टेकून उभा होता.

उस्मान, तुला मी त्या दारात उभा राहून ज्या शिव्या दिल्या त्या लिहिता येत नायत. समोरचा पानवाला टपरीतून बाहेर आला. इतकी वर्षं माझ्याशी भांडलास, हरलास, आणि माझा गुडघा गेल्यावर, मी नसताना, चोरासारखा येऊन टाळं लावलंस? माझ्या दाराला? आणि वर मरून गेलास, म्हणजे तुझी मानगूट धरायची पण सोय नाय.

तसाच गाडीनं निडीला उतरलो आणि तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाय. ओसरीवर मला खुर्ची दिली, आणि आतल्या खोलीच्या पडद्यामागून त्या बोलल्या. इतकी वर्षं ज्यांच्या हातचं सांदण खाल्लं त्यांचा नुसता आवाज.

"धर्माभाऊ, तुम्ही टाळ्यासाठीच आलाव ना?"

"भाभी, मी भांडायला आलोय."

"मग भांडा. ते म्हणालेच होते, पहिला भांडंल, मग पाणी मागंल."

पडद्याला शिव्या देता येत नायत. मग त्यांनीच सांगितलं. हॉलवर कुणाची तरी हळद झाली होती, डीजे लावून. दुसऱ्या दिवशी तुला कुणी सांगितलं म्हणून तू खोकत खोकत गेलास. "परत आले तं जेवले नायत. मी विचारलं, काय झालं? तं बोलले, आपण जिथं बसून उपास काढले तिथं लोकांनी ओकून ठेवलंय. भिंतीला हात धुतलेत, कोपऱ्यात मुतलेत. बोलले, मी झाडून आलो, पाणी मारून आलो, पण वास जात नाय. चार दिस तसेच गेले. मग आमच्या मोठ्या नणंदेच्या घराचं पितळी कुलूप काढलं, त्या घरात आता कोण येणार नाय म्हणून, त्याला तेल लावलं आणि घेऊन गेले. मी बोलले, धर्माभाऊंना विचारा. तं बोलले, विचारलं तं तो नाय म्हणंल. लावलं तं नुसता चिडंल."

मी म्हटलं, "आणि किल्ली?"

तुझी मुलगी आतून जुडगा घेऊन आली. सगळ्या गावाच्या किल्ल्या. त्यातली एक वेगळी, तिला लाल दोरा. भाभी म्हणाल्या, "ती तुमची. बाकी आता हिच्याकडं."

मग मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. पेणेला गाडीत बसल्यावर मी पंचा बाजूच्या जागेवर टाकला. सवय. आपल्या कामाच्या दिवसांत गाडी कधी भरलेली नसायची, तरी मी तुझी खिडकी धरून ठेवायचो आणि निडी आली की पंचा उचलायचो, आणि तू दर वेळी म्हणायचास, "मेहेरबानी, राजेसाहेब." निडी आली. पंचा उचलला. एक बाई मासळीची पाटी घेऊन बसली. चांगली बाई होती, पण माझं तिच्याशी एक शब्द बोलायचं मन झालं नाय. माफ कर म्हणावं तिला.

हॉलवर पोचलो तर कटरवाला वायर सोडत होता. अध्यक्ष गाडीला टेकून फोनवर.

"अरे वा, काका! सकाळी सकाळी?"

"ते टाळं तोडू नको. किल्ली माझ्याकडं हाय."

"मग आधी का नाय सांगितलं? द्या."

"मागून मिळणार नाय."

"काका, रविवारी बुकिंग हाय. डेकोरेशनवाला येतोय. तमाशा नको."

"तमाशा काल झाला. हॉटेलात."

त्यांचा चेहरा जरा उतरला. कटरवाला आपल्या जुन्या फिटरचा नातू निघाला. तो मशीन हातात धरून एकदा त्यांच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. मी दारात पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, "मामूंनी जागा दिली ती कामगारांना बसायला. बसायला येणार असशील तर मी आत्ता उघडतो. तुझ्या बापाची जागा डावीकडच्या खिडकीखाली होती. तिथं बस. कोण कामगार येतो आणि तुला काय विचारतो ते ऐक."

"आणि मी तोडलं तर?"

"तर तू शेठ. मग मला सगळं सोपं होईल, शेठशी भांडायला मला येतं."

त्यांनी एकदा रस्त्याकडं बघितलं. मग कटरवाल्याला म्हणाले, "चल रे, म्हाताऱ्याला काय करणार." आणि गाडीत बसताना मान बाहेर काढून, "किती दिवस बसाल काका?"

"पाळी संपेपर्यंत."

गाडी गेली. त्यांना लाज वाटली असं मी समजत नाय, तू पण समजू नको. रस्त्यावर माणसं जमली होती आणि निवडणूक जवळ हाय, एवढंच.

मी कुलूप काढलं, दार उघडलं. आत वास होता. तू पाणी मारलंस तरी होताच, दारूचा, शिळ्या मटणाचा, आणि फिनेलचा, ते तूच टाकलं असशील. खिडक्या लोटल्या. कोपऱ्यात तू केलेली बाटल्यांची रास, वर झाडू आडवा ठेवलेला. छातीत भाता चाललेला असताना तू हे वाकून गोळा केलंस. मी तिथं बसलो आणि मला एवढी किळस आली, उस्मान, या माणसांची, या गावाची, आपण जन्मभर ज्याच्यासाठी घसे फोडले त्या सगळ्याची. वाटलं, कशाला? यांच्यासाठी? भिंतीचा गुलाबी रंग मी काठीच्या टोकानं खरवडला. खाली चुना. चुन्यात एक निळं बोट निघालं. कुणाचं ते कळलं नाय. पुढं खरवडलं नाय, हात दुखायला लागला.

दुपारी दारात दोन बायका उभ्या. अंगावर कंपनीचे कोट, हातात डबे. रोज रस्त्याच्या कडेला, गटाराशेजारी उभ्यानं जेवतात त्यातल्या.

"बाबा, इथं बसून डबा खाल्ला तर चालंल?"

"विचारतेस काय गो? दार उघडं हाय ना? बसा."

बसल्या. भाकरी आणि सुकट. मला पण वाढलं. मी विचारलं, कुणाच्या ठेक्यावर? थोरली बाई दबक्या आवाजात नाव बोलली. अध्यक्षांचंच नाव. मग घाबरून, "आम्ही इथं बसलो हे सांगू नका हा."

"मला काय पडलंय सांगायचं," मी म्हटलं.

धाकटी सगळीकडं बघत होती, कौलांकडं, खिडक्यांकडं. म्हणाली, "हा हॉल कुणाचा वो?"

मला पूर्वी अशा प्रश्नाला भाषण यायचं. तू मागून चिमटा काढायचास, आटप म्हणून. त्या दिवशी मला भाषण आलं नाय. म्हटलं, "जेव आधी."

डबे धुऊन निघताना ती दारात वळली. "उद्या पण उघडं असंल का?"

तेवढ्यात कंपनीचा भोंगा वाजला. ती गेली.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. इथं माझी पंचाईत, आणि ही पंचाईत तू घालून ठेवलीस. दार उघडं टाकून गेलो तर माझा शब्द राहतो, आणि रविवारी तिथं डीजे वाजतो. टाळं लावलं तर, पुरात टेबलावर बसलेल्या त्या म्हातारीला मी काय सांगू? मला माझं म्हणणं अजून बरोबर वाटतं. हॉल कामगारांनी भरलेला असता तर टाळं कशाला लागलं असतं? तू म्हणशील, भरलेला नाय ना. व्हय, नाय. पण तू जिंकलास असं मी लिहून देणार नाय, मेलेल्याला पण नाय.

मी खिडक्या ओढून घेतल्या. बाहेर आलो. दार लावलं. कोयंड्यात दांडी बसेना. पानवाला म्हणाला, "काका, देऊ का लावून?" मी म्हटलं, नको.

लावलं. ट्यूबचा तुकडा बोटानं खाली सारला, भोक नीट झाकलं का बघितलं. किल्ली बंडीच्या आतल्या खिशात. मग पानवाल्याला सांगितलं, उद्या त्या दोघी माझ्या आधी आल्या तर त्यांना सांग, हे टाळं नाय, कुलूप हाय, म्हातारा पहिल्या गाडीनं येतोय.